पंक्तिप्रपंच

मराठीत एक फार सुंदर शब्द आहे. म्हणजे शब्द सुंदर, त्यामागची गोष्ट वाईट! पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत बसलेल्या दोघांपैकी एकाच्या पानात तुपाची धार आणि दुसऱ्याच्या पानात नुसतं बोट टेकवल्यासारखं. वाढणाऱ्याला वाटतं कुणी बघत नाही. पण पंगतीत बसलेला प्रत्येक माणूस आपलं पान सोडून शेजारच्याचंच पान बघत असतो, हे ज्यानं एकदा तरी वाढायचं काम केलंय त्याला ठाऊक आहे.

गंमत अशी की ज्याच्या पानात कमी पडलं तो उपाशी राहत नाही. पोटभर जेवूनच उठतो. पण घरी जाऊन तो पुरणपोळीबद्दल बोलत नाही, तुपाबद्दल बोलतो. आणि पुढच्या वेळी त्या घरच्या लग्नात बुंदी पाडायला, पाणी भरायला हाक मारली की त्याला नेमकं शेतावर काम निघतं.

नोकरीचंही तसंच असतं असं मला बरीच वर्षं वाटत आलंय. माणूस मन लावून काम का करतो आणि कधी करायचं थांबवतो, याचं उत्तर पगाराच्या आकड्यात जितकं आहे त्याहून जास्त शेजारच्या पानात आहे. मॅनेजमेंटच्या पुस्तकांत याला मोठमोठी नावं आहेत. त्यांच्याकडे पुढे येतोच. पण आपल्या खान्देशात, जळगाव-धुळ्याकडे, या गोष्टीचा चांगला दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो कुणी या नजरेनं सांगितलेला मला तरी वाचायला मिळाला नाही. म्हणून हा खटाटोप.

सुरुवात सालदारापासून करू. शहरात वाढलेल्या भाचरांसाठी सांगतो, सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी. कुठे पाडव्याला, कुठे आखाजीला साल ठरायचं. रोख इतकी, धान्य इतकं, जोडा, धोतर, घोंगडी. त्यातली काही रक्कम आधीच उचल म्हणून घेतलेली असायची, कारण घरी लग्न नाहीतर आजारपण. मग बैलांचा चारापाणी, नांगरणी, वखरणी, रात्री विहिरीवर पाणी भरणं, राखण, सगळं त्याच्या गळ्यात. कामाचे तास? तो शब्दच नव्हता. सूर्य होता आणि मालकाची हाक होती.

आमच्या आजोबांच्या काळी घरात सालदार होते. आम्ही मुलं त्यांना आप्पा म्हणायचो. आजी एका बाबतीत फार कडक होती. घरात जी भाकरी तीच शेतात जायची. घरात दादरची असेल तर आप्पांच्या फडक्यात दादरची, घरात कळण्याची असेल तर त्यांनाही कळण्याची. पोळ्याला तर आप्पांचा पाट आजोबांच्या शेजारी आणि पहिली पोळी त्यांच्या पानात. बैलांना वर्षभर ज्यानं जपलं त्याचा तो मान. आजोबांना त्याचा कधी राग आल्याचं कुणाला आठवत नाही, कारण तो मान कशाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं.

हे मी घरचं कौतुक म्हणून सांगत नाहीये. कारण या चित्राची दुसरी बाजू आहे आणि ती मोठी आहे. सालदाराला न्याय मिळणं हे त्याला कोणती आजी भेटते यावर अवलंबून होतं. चांगली भेटली तर दादरची भाकरी. नाही भेटली तर शिळं कोरड्यास आणि वर उचलीचा हिशेब, जो फक्त मालकाच्या वहीत असायचा. न्याय होता, पण तो मर्जीचा होता. हक्काचा नव्हता. आणि मर्जी व हक्क यांतला हा फरक पुढच्या सगळ्या इतिहासाचं मूळ आहे असं मला वाटतं.

आता शेतातून जिनात येऊ. खान्देश म्हणजे कापूस. रेल्वे आली आणि जळगावात, धुळ्यात, लहानमोठ्या गावांत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. जळगावची खानदेश मिल एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकातली. पुढे अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, चाळीसगावची गिरणी. शेतात सूर्य मावळला की निदान नांगर तरी थांबायचा. जिनात दिवे होते!

भारताचा पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. तो फक्त शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या कारखान्यांना लागू होता आणि वर्षात चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने त्यातून वगळले होते. जिन म्हणजे हंगामी धंदा. म्हणजे कितीतरी जिनं या कायद्याच्या दाराबाहेरच राहणार! १८८४-८५ मध्ये मुंबई सरकारनं नेमलेल्या फॅक्टरी कमिशननं खान्देशातल्या जिनांची माहिती घेतली तेव्हा जे बाहेर आलं ते वाचवत नाही. हंगामात बायका पहाटेपासून रात्री दहापर्यंत कामावर, आणि घाई असली की दिवसरात्र, अंगातलं बळ संपेपर्यंत.

याच कमिशनसमोर मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार ठरल्या तारखेला, कामावर जायबंदी झालेल्याला भरपाई. आज वाचताना लक्षात येतं की यात पगार वाढवा हे नाहीच! जे आहे ते सगळं 'आम्हाला माणसासारखं वागवा आणि ठरलेलं पाळा' या प्रकारचं आहे. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, त्यात दोन कामगार स्त्रियांनी भाषणं केली, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या सुधारित कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली, बायकांचे तास अकरावर आले आणि शंभर माणसांची अट पन्नासवर आली. आपल्याकडच्या जिनांतल्या बायकांना यातलं किती आणि कधी पोचलं हा वेगळाच विषय. पण निदान दार उघडलं.

यानंतर येतो बोनस. आणि इथे गोष्ट खरी रंगते.

पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांनी बक्कळ नफा कमावला. महागाईही तितकीच. मालकांनी १९१७ मध्ये पगाराच्या दहा टक्के युद्धबोनस सुरू केला, पुढे तो वाढवला, आणि नफ्याच्या वर्षांत वार्षिक बोनसही देऊ लागले. चार-पाच वर्षं पैसे हातात पडले. माणसानं ते धरून संसार मांडला. मग १९२३ च्या वर्षाचा बोनस मालकांनी नाकारला. १९२४ च्या सुरुवातीला जवळजवळ दीड लाख कामगार बाहेर पडले. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाऊड यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिचा निष्कर्ष असा की या बोनसवर कामगारांचा हक्क ना रूढीनं सिद्ध होतो, ना कायद्यानं, ना न्यायबुद्धीनं.

म्हणजे बोनस ही बक्षिसी. पोळ्याची पोळी. दिली तर दिली.

हे उलटायला सव्वीस वर्षं लागली. १९५० मध्ये लेबर अपेलेट ट्रिब्यूनलनं मुंबईच्या गिरण्यांच्याच दाव्यात एक सूत्र घालून दिलं. नफ्यातून घसारा, कर, भांडवलावरचा परतावा आणि यंत्रांच्या नूतनीकरणाची तरतूद वजा करा; जे उरतं ते भांडवल आणि श्रम या दोघांनी मिळून निर्माण केलेलं आहे आणि त्यात कामगाराचा वाटा आहे. पुढे १९६१ मध्ये मेहेर कमिशन आणि १९६५ मध्ये बोनसचा कायदा. किमान चार टक्के, जे १९७२ मध्ये ८.३३ टक्के झालं, म्हणजे वर्षाला साधारण एक महिन्याचा पगार. 'तेरावा पगार' हा शब्द आपल्या घराघरांत रुजला तो या हिशेबानं.

पण या कायद्यात एक मेख होती. केंद्र सरकारच्या खात्यामार्फत चालणारे उद्योग त्यातून वगळलेले होते. म्हणजे रेल्वे बाहेर.

आता आपल्या भुसावळकडे या. मुंबईहून आलेली लाइन जिथे दुभंगते, एक फाटा नागपूरकडे आणि एक खंडवा-इटारसीकडे, ते हे गाव. गाव म्हणण्यापेक्षा रेल्वेचा मोठा संसारच. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, खलाशी, पॉइंट्समन. तिथल्या मुलांना घड्याळाआधी गाड्यांचे नंबर कळायचे. एकाच चाळीत एक भाऊ रेल्वेत, दुसरा कारखान्यात, तिसरा एखाद्या सरकारी महामंडळात. दिवाळी आली की कारखान्यातल्याच्या घरी बोनस आणि रेल्वेवाल्याच्या घरी आगाऊ उचल. काम कुणाचं जास्त जोखमीचं हे सांगायला नको. बारा-चौदा तास इंजिनावर उभं राहून परतलेला फायरमन शेजारच्या दारातले नवे कपडे बघणारच ना! एकच पंगत, आणि तुपाची वाटी नेमकी त्याच्या पानाशी आली की रिकामी.

इंजिनावरच्या लोकांनी ऑगस्ट १९७३ मध्ये संप करून दहा तासांच्या ड्युटीचं आश्वासन मिळवलं होतं. पण नाराजी तेवढ्यानं भागणारी नव्हती. फेब्रुवारी १९७४ मध्ये सगळ्या संघटनांची मिळून राष्ट्रीय समन्वय समिती बनली, जॉर्ज फर्नांडिस तिचे निमंत्रक. मागण्या वाचा. आठ तासांचा दिवस. सरकारी कारखान्यांतल्या कामगारांच्या बरोबरीचं वेतन. बोनस. महागाईशी जोडलेला भत्ता. वर्षानुवर्षं रोजंदारीवर ठेवलेल्यांना कायम करणं. जवळजवळ प्रत्येक मागणीत 'त्यांना आहे, आम्हाला का नाही' हा एकच सूर आहे.

बोलणी चालू असतानाच २ मे १९७४ ला फर्नांडिस यांना अटक झाली. ८ मे ला संप सुरू झाला. देशभरात सतरा लाखांच्या आसपास रेल्वे कामगार, वीस दिवस. हजारोंना तुरुंगात टाकलं, हजारोंना कामावरून काढलं, कित्येक ठिकाणी रेल्वे क्वार्टरमधून बायकामुलांना बाहेर काढलं. २७ मे ला संप मागे घेतला गेला. हातात काहीही पडलं नाही.

हा इतिहास बहुतेकांना माहीत असतो. त्याच्या पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही आणि माझ्या मते आपल्या विषयासाठी तोच महत्त्वाचा. संपात कामावर राहिलेल्यांना सरकारनं 'निष्ठावान' ठरवलं. त्यांना जादा वेतनवाढी दिल्या, त्यांच्या मुलांना नोकरीत घेतलं. आणि संपावर गेलेल्यांची सेवा खंडित झाली. आता हे दोघं एकाच शेडमध्ये, एकाच इंजिनावर! एकाच्या हातात फावडं, दुसऱ्याच्या हातात रेग्युलेटर. सरकारनं निष्ठेची कदर केली असेल, पण त्या कदरीनं जो पंक्तिप्रपंच मांडला तो पगारातल्या तफावतीपेक्षा जास्त काळ टिकला. कोण आत गेला आणि कोण बाहेर राहिला हे भुसावळच्या जुन्या मंडळींच्या बोलण्यात कितीतरी वर्षांनीही निघायचं, अगदी सोयरीक जमवतानासुद्धा. मी स्वतः ऐकलंय.

१९७७ मध्ये सरकार बदललं आणि आपले मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांनी संपात काढलेल्यांना परत घेतलं. त्याच दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचांची गादी घालायला सुरुवात केली. मला ही दोन कामं एकाच वृत्तीची वाटतात. पहिल्या वर्गाची गादी काढून घेतली नाही, दुसऱ्याच्या पाठीखाली काहीतरी आलं इतकंच. आणि १९७९ मध्ये रेल्वे कामगारांना उत्पादकतेशी जोडलेला बोनस सुरू झाला. अलीकडे कित्येक वर्षं दसऱ्याच्या सुमाराला ७८ दिवसांच्या बोनसची बातमी येते ना, तिचं मूळ इथे. पाच वर्षांपूर्वी हेच मागणाऱ्यांना तुरुंगात टाकलं होतं हे त्या बातमीत कुणी लिहीत नाही.

असो. रेल्वेचा धागा इथे सोडतो आणि पुन्हा सालदाराकडे येतो, कारण त्याची गोष्ट अर्धवट राहिलीय.

याच काळात तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, शहादा-तळोद्याकडे (हा भाग १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे) भिल्ल आदिवासी सालदार आणि शेतमजूर उभे राहिले. तिथल्या सालदाराचं दुखणं दुहेरी होतं. ज्या जमिनीवर तो सालानं राबत होता ती बऱ्याचदा त्याच्याच बापजाद्यांची, कर्जात गेलेली. आणि सालाची बोली नवऱ्याशी झाली तरी बायकोनं मालकाच्या गोठ्यातलं शेण काढायचं हे धरूनच चालायचं. त्याचे पैसे? छे!

मे १९७१ मध्ये पाटीलवाडी इथे आदिवासींवर गोळीबार झाला आणि परिसर पेटून उठला. अंबरसिंग सुरतवंती हे स्वतः भिल्ल समाजातले, सर्वोदयात तयार झालेले कार्यकर्ते. त्यांच्या भोवती माणसं जमली. जानेवारी १९७२ मध्ये शहाद्याला भूमुक्ती परिषद भरली आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. आयआयटीत शिकलेले कुमार शिराळकर नोकरीची वाट सोडून तिथे आले. वाहरू सोनवणे तिथलेच, पुढे कवी म्हणून महाराष्ट्राला माहीत झाले. जमिनी परत मिळवण्याबरोबर संघटनेनं सालदाराचं साल वाढवून मागितलं, कामाचे तास मागितले, भरपगारी सुट्टी मागितली. लोखंड्यांची मागणी ऐंशी-नव्वद वर्षांनी सातपुड्याच्या पायथ्याला पोचली म्हणायची! अंबरसिंग १९७४ मध्येच गेले. पण आखाजीला मालकाच्या ओट्याखाली उभं राहून जे मिळेल ते घ्यायचं, याऐवजी समोर बसून दर ठरवायचा, ही गोष्ट त्या भागात पहिल्यांदा घडली.

यात आणखी एक गोष्ट झाली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर दुष्काळी कामं निघाली. त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीला बळ मिळालं आणि तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. तिथे मजुरी कामाच्या मापावर होती. इतका खड्डा, इतकी खडी, इतके पैसे, खोदणारा हात पुरुषाचा असो की बाईचा. शेतात त्याच बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी मिळायची, तिथे मात्र टेपला बाई-पुरुष कळत नव्हता. मस्टरवरची खोटी नावं, माप कमी धरणारे मुकादम, आठवडे उलटूनही न होणारं वाटप, या तक्रारी होत्याच आणि खऱ्या होत्या. पण तक्रार करता आली याचं कारणच हे की माप उघड्यावर होतं. खड्डा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. मालकाच्या वहीतल्या उचलीबद्दल सालदारानं कशाच्या जोरावर भांडायचं?

आता थोडं पुस्तकांकडे. जे. स्टेसी ॲडम्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६३ मध्ये हेच सगळं सूत्रात मांडलं. माणूस मनातल्या मनात दोन अपूर्णांक करतो. मी काय दिलं, मला काय मिळालं. शेजाऱ्यानं काय दिलं, त्याला काय मिळालं. दोन्ही जुळले तर ठीक. नाही जुळले तर तो काहीतरी करून जुळवतो. पगार हातात नसतो, पण काम हातात असतं, म्हणून तो काम कमी करतो. आपल्याकडे याला 'वरवरचं काम' म्हणतात. २००३ मध्ये सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांनी माकडांवर प्रयोग केला. खडा परत दिला की काकडीचा तुकडा. माकडं खुशीत. मग शेजारच्या माकडाला त्याच कामासाठी द्राक्ष दिलं. पहिली माकडं काकडी नाकारायला लागली, काही तर फेकून द्यायला लागली! म्हणजे पंक्तिप्रपंच माकडालाही कळतो. :)

पण मला सगळ्यात जास्त पटतो तो जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० चा अभ्यास. एका कंपनीनं काही आठवडे पगारात १५ टक्के कपात केली. एका कारखान्यात वरिष्ठानं येऊन सगळं नीट समजावलं, आकडे दाखवले, वाईट वाटतंय म्हणून सांगितलं, प्रश्नांना उत्तरं दिली. दुसऱ्या कारखान्यात घाईघाईनं निर्णय कळवला. कपात दोन्हीकडे तीच. पण दुसऱ्या ठिकाणी चोऱ्या कितीतरी जास्त वाढल्या आणि नोकरी सोडणारेही जास्त निघाले. लोकांना कमी पैसे चालतात. कमी लेखणं चालत नाही.

मी ज्या वेगवेगळ्या ठिकाणी नोकऱ्या केल्या तिथे हे पुरेपूर पाहिलंय. एका ठिकाणी वर्षाच्या शेवटी बंद पाकिटात वाढीचं पत्र मिळायचं आणि कुणाला सांगू नका अशी तंबी. संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर सगळ्यांचे आकडे माहीत! पण कोणाला का जास्त, हे मात्र कुणालाच माहीत नाही. त्यानंतर पुढचे दोन महिने जे काम व्हायचं त्याला काम म्हणणं कठीण. गुपित आकड्याचं नव्हतं, कारणाचं होतं.

न्याय म्हणजे सगळ्यांना सारखं, असं मी म्हणत नाहीये. पंगतीतसुद्धा मानाचं पान असतंच की. नवरदेवाच्या पानाभोवती रांगोळी काढतात, उदबत्ती लावतात, त्याला कुणी पंक्तिप्रपंच म्हणत नाही. कारण ते पान कुणाचं आणि कशाबद्दल हे पंगतीत सगळ्यांना माहीत असतं, आणि उद्या आपलं लग्न असेल तेव्हा ते आपल्यालाही मिळणार हेही माहीत असतं. पोळ्याला आप्पांच्या पानात पहिली पोळी पडायची तेव्हा आजोबा रागावले नाहीत ते याचमुळे. फरक चालतो. न सांगितलेला, न मोजलेला, आणि दार बंद असलेला फरक चालत नाही.

या कसोटीवर आजूबाजूला बघितलं की मात्र अस्वस्थ व्हायला होतं. महाराष्ट्रात २००० पासून शिक्षणसेवक योजना आहे. नवा शिक्षक पहिली तीन वर्षं मानधनावर. वर्ग तोच, पुस्तकं तीच, परीक्षेची जबाबदारी तीच, शिक्षकखोलीतली खुर्चीही शेजारचीच. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला वर्षानुवर्षं महिना सहा हजार मिळत होते, ते २०२३ मध्ये सोळा हजार झाले. वाढले हे चांगलंच. पण शेजारच्या खुर्चीवरच्याचा पगार त्याच्या कितीतरी पट. दवाखान्यात, वीज कंपनीत, बँकेत, महापालिकेत आता कायम आणि कंत्राटी असे दोन पाट शेजारी-शेजारी मांडलेले असतात. आमच्या नात्यातच दोन्ही प्रकारचे लोक आहेत, हे वाचणाऱ्यांपैकीही काही जण असतील. कंत्राटी मुलगा सुरुवातीला कायम नोकरीवाल्यापेक्षा जास्त राबतो, कारण त्याला वाटतं दार उघडेल. चार-पाच वर्षांनी त्याला कळतं की ते दार नाहीच, दाराचं चित्र आहे. त्यानंतर त्याच्या कामात जो फरक पडतो त्याला लोक 'आजकालच्या पोरांना कष्ट नकोत' असं म्हणतात.

आखाजीच्या पारावर आता चित्र उलटं झालंय. सालाचा आकडा लाखाच्या घरात गेला तरी शेतकऱ्याला सालदार मिळत नाही, म्हणून आमचे चुलते कुरकुरतात. त्यांचंही खरं आहे, कापसाला आणि केळीला तो भाव कुठे मिळतो? शेतकऱ्याच्या स्वतःच्या पानात काय पडतं हा आणखी एक मोठा पंक्तिप्रपंच आहे आणि त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. पण चुलत्यांना एवढंच म्हणावंसं वाटतं की सालदार फक्त पैशासाठी गेला नाही. सुरतला, पुण्याला, एमआयडीसीत तो कदाचित तितकेच कमावतो. पण तिथे आठ तासांनंतर भोंगा होतो आणि त्याच्या बायकोला कुणी शेण काढायला बोलवत नाही.

जळगावच्या खानदेश मिलचा भोंगा बंद होऊन जमाना झाला, तिच्या जागेवर आता बाजारसंकुल आहे. वाफेची इंजिनं गेली, त्यांच्यासोबत कोळशाचं फावडंही गेलं. राहिलाय तो दसऱ्याचा बोनस, रविवारची सुट्टी, आठ तासांचा दिवस. आपल्याला या गोष्टी सूर्य-चंद्रासारख्या आपोआप उगवलेल्या वाटतात. प्रत्येकीमागे कुणीतरी पंगतीतून उठून 'माझ्या पानात का नाही?' असं मोठ्यानं विचारलेलं आहे, आणि ते विचारणं दर वेळी महागात पडलेलं आहे.

भुसावळच्या किंवा अमळनेरच्या नातलगांकडे १९७४ च्या, गिरणीच्या किंवा सालदारकीच्या आठवणी असतील तर मला जरूर कळवा. विशेषतः बायकांच्या. संप वीस दिवस चालला हे पुस्तकात मिळतं. त्या वीस दिवसांत चूल कशी पेटली, हे अजून कुठेही वाचायला मिळालेलं नाही.